वऱ्हाडांतील परसबाग

बागकामाचे पहिले धडे देणारीं पुस्तकें हल्लीं पुष्कळ निघतात. त्यांतील बहुतेकांचा आरंभ कुंडीपासून होतो. कुंडी किती खोल असावी, तिच्या बुडाशीं भोंकें किती पाडावीं, तींत माती कोणती भरावी, खताची पिशवी कोठून आणावी, ह्या क्रमानें तीं पुस्तकें पुढें सरकतात. नवशिक्यास ह्या सूचनांचा उपयोग होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या वाचीत असतां मनाचा असा समज होऊं लागतो कीं, घराशेजारीं भाजीपाला लावणें ही शहरांत अलीकडेच निघालेली एक विद्या असून ती पैसे मोजून विकत घ्यावयाची असते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत उंद्री नांवाचें गांव आहे. उंद्रीसारख्या वऱ्हाडांतील कोणत्याहि जुन्या गांवांतल्या म्हाताऱ्या बाईस हा समज ऐकविला तर ती हंसेल. तिला ही विद्या सासूकडून मिळाली, सासूला तिच्या सासूकडून मिळाली, आणि तिच्यासाठीं कोणीं कधीं दमडी मोजली नाहीं. ह्या विद्येस अभ्यासक्रम होता, पंचांग होतें, परीक्षाहि होती. लिहिलेला इतिहास मात्र नव्हता. तो कां नाहीं, आणि त्याचे जे थोडे अवशेष राहिले ते कोठें सांपडतात, ह्याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. तो करतां करतां नवशिक्याच्या उपयोगाच्या चार गोष्टीहि ओघानें सांगतां येतील.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक स्वतःच पाडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरील चिखली-मेहकरकडचें पठार हा पहिला, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील मलकापूर-शेगांवकडचा सपाट मुलूख हा दुसरा. जुने कागद ह्यांना बालाघाट व पायनघाट म्हणतात. दोन्ही भागांत भूमीची मूळ विभागणी मात्र एकच आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. मराठी गांवगाड्याची सारी भाषा ह्या दोन शब्दांवर उभी आहे. वस्तीच्या जमिनीस पांढरी कां म्हणतात, ह्याचें उत्तर तिच्या मातींतच आहे. मातीच्या भिंती पावसानें विरघळतात, त्यांच्या जागीं नव्या उठतात. चुलीची राख, गोठ्यांतील गवताचा चुरा, शेण, केर, खरकटें हीं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागीं मुरतात. शेंकडों वर्षांनीं त्या जागेचा रंग पालटतो व ती भोंवतालच्या काळीहून उंच होते. जुन्या वस्त्यांचा शोध घेणारे संशोधक पांढरीचीं टेंकाडें आधीं हुडकतात तीं ह्याचमुळें. ह्याच जिल्ह्यांत घाटाखालीं संग्रामपूर तालुक्यांत भोन येथें असेंच प्राचीन वस्तीचें स्थळ असून तेथील उत्खननांत एका स्तूपाचे अवशेष मिळाले. शेतकऱ्यासहि पांढरीची किंमत पूर्वापार ठाऊक आहे. पडक्या घराची माती गाड्यांनीं शेतांत नेऊन टाकणें हा आमच्याकडील जुना रिवाज आहे. कारण ती माती म्हणजे एका परीनें मुरलेलें खतच.

परस ह्या पांढरीच्या कडेला असे. घराच्या मागल्या दारापासून कुंपणापर्यंत जी दहावीस हात जागा उरे, ती गांवांतील सर्वांत कसदार जमीन होती. हा योग कोणी जाणून जुळविला नव्हता. माणसें जेथें राहतात तेथें कस सांचतो, आणि सांचलेला कस झाड उचलतें, इतकाच त्याचा अर्थ. शहरांत राहणाऱ्या नवशिक्यास ह्यांत पहिला धडा आहे. खत आणावयास बाहेर जाण्यापूर्वीं आपल्या घरांतून रोज बाहेर काय टाकलें जातें तें त्यानें पहावें. भाजीचीं देंठें, फळांच्या सालीं, चहाचा चोथा, वाळलेलीं पानें हीं एका कोपऱ्यांत मातीआड ओलसर ठेवलीं तर तीनचार महिन्यांत त्यांची काळसर, वास न येणारी माती होते. ज्याच्या अंगणांत शुद्ध काळीच माती आहे त्यास मात्र थोडे अधिक कष्ट पडतात. ती पावसाळ्यांत फुगून चिकट होते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि कोंवळ्या मुळ्यांस दोन्ही अवस्था जाचक. तींत मुरलेलें शेणखत, पाचोळा व थोडी जाड वाळू मिसळावी. राख मूठभरच घालावी, कारण ही माती मुळांतच खारवटपणाकडे झुकलेली असते. पावसाळ्यांत वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. हिवाळ्यांत तोच सपाट किंवा किंचित् खोलगट ठेवावा, म्हणजे दिलेलें पाणी वाहून जात नाहीं.

आतां नोंदीचा प्रश्न. वऱ्हाडच्या जमिनीची मोजदाद राज्यकर्त्यांनीं पुन्हां पुन्हां केली. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरींत वऱ्हाडच्या सरकारांची महसुलासह यादी आहे व तींत मेहकर सरकारहि आहे. १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत दिल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली. साखळ्या टाकून शेतें मोजलीं गेलीं, प्रत्येकास क्रमांक मिळाला, माती पाहून सारा ठरला, विहिरीखालची जमीन बागाईत म्हणून निराळी लागली. परंतु ह्या सर्व खटाटोपांत गांवठाण हें नकाशावरचें एक अखंड ठिगळ राहिलें. त्यांतील घरांवर आणि परसांवर सारा बसवावयाचा नव्हता, म्हणून तीं मोजण्याचें कारणच पडलें नाहीं. पाहणीचा कामगार काळीच्या कानाकोपऱ्यांत हिंडला आणि पांढरीच्या वेशीशीं थांबला. सरकारचें दफ्तर हें साऱ्याचें दफ्तर असतें. ज्याचा सारा नाहीं त्यास दफ्तराच्या लेखीं अस्तित्व नाहीं. अंजनगांवचे पानमळे कागदोपत्रीं आले, नागपूरच्या संत्र्यांची कीर्ति झाली, १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोंचला आणि खामगांवची पेंठ जगास माहीत झाली. त्या कापूस वेंचणाऱ्या बाईनें संध्याकाळीं घरीं येऊन परसांतून कोणती भाजी खुडली, हें कोणी लिहून ठेवलें नाहीं.

मळ्यास संतहि लाभला. सोलापूर जिल्ह्यांतील अरणच्या सांवता माळ्यानें, जो १२९५ सालीं समाधिस्थ झाला, आपल्या मळ्यांतील भाजीपाल्यांतच विठ्ठल पाहिला, आणि मराठी माणूस तें सातशें वर्षें गात आला आहे. परंतु मळा निराळा आणि परस निराळें. मळ्यास विहीर, मोट, बैल व बाजार हीं लागतात; परसास सांडपाणी, खुरपें आणि एका बाईची सवड लागते. इंग्रजी अमदानींत ह्या दोहोंखेरीज तिसरा एक प्रकार आला, तो बंगल्याच्या बागेचा. त्याचा इतिहास मात्र यथासांग लिहिलेला आहे. फ्लॉवरची भाजी १८२२ सालीं इंग्लंडांतून सहारनपूरच्या सरकारी बागेंत आली हें आपणांस तारीखवार सांगतां येतें. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे व्यवस्थापक जी. मार्शल वुड्रो ह्यांनीं हिंदुस्थानांतील बागकामावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तो ग्रंथ चांगला आहे. पण तो ज्याच्या पदरीं माळी आहे अशा साहेबासाठीं आहे. आजच्या कुंडीच्या पुस्तकांचे पूर्वज शोधावयाचे तर ते ह्या बंगल्यांत सांपडतील. परसाचा वंश वेगळा.

मग परसाचा इतिहास पहावयाचा कोठें? आमच्या मतें तो बायकांच्या व्रतांत आणि गाण्यांत पहावा. भाद्रपद शुद्ध पंचमीस ऋषिपंचमी येते. त्या दिवशीं व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या श्रमाचें कांहीं खात नाहींत. ज्या जमिनींत नांगर फिरला तिचें धान्य वर्ज्य. हातानें लावलेलें, हातानें खुरपलेलें तेवढेंच चालतें. त्या दिवशींच्या भाजीस ऋषीची भाजी असेंच नांव पडलें आहे. अळूचीं देंठें, पडवळ, दोडका, भेंडी, काकडी, चवळीच्या शेंगा, भोंपळा, मक्याचीं कोंवळीं कणसें असें जें जें परसांत त्या सुमारास तयार असेल तें सर्व एका भांड्यांत शिजतें. ह्या व्रताची जी कथा सांगतात तींत विटाळ न पाळल्यामुळें बाईस कुत्रीचा व तिच्या नवऱ्यास बैलाचा जन्म आला असें आहे. ती कल्पना आज कोणा विचारी माणसास मान्य होणार नाहीं आणि आम्हांसहि ती मान्य नाहीं. परंतु कथा बाजूस ठेवून नुसता आचार पाहिला तर त्यांत एक फार महत्त्वाची गोष्ट टिकून राहिलेली दिसते. नांगराची शेती आणि हाताची शेती ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत, पहिली पुरुषाची व बैलाची, दुसरी बाईची, आणि वर्षांतून एक दिवस तरी घरानें केवळ दुसरीवर जगून दाखवावयाचें, असा तो आचार आहे. महसुलाच्या दफ्तरानें जो भेद कधीं मांडला नाहीं तो व्रतानें मांडला. व्रताचा दिवसहि नेमका आहे. मृगांत टोंकलेल्या बियांचे वेल त्या सुमारास फळांनीं लवलेले असतात. ज्या घरीं परस लावलें नाहीं, त्या घरची पंचाईत भाद्रपदांत उघडी पडे. परीक्षा म्हणून वर म्हटलें ती ही.

चातुर्मासांत वांगें न खाण्याचा आणि मार्गशीर्षांतील चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याचें भरीत व रोडगा दाखवून तें पुन्हां सुरू करण्याचा नेमहि असाच पाहण्याजोगा आहे. वांग्याचीं रोपें मृगांत टाकून आषाढांत लावलीं तर तीं आश्विनांत फळूं लागतात आणि मार्गशीर्षांत ऐन भरांत असतात. झाड वाढत असतांना त्याच्यापासून कांहीं मागावयाचें नाहीं व तें भरास आल्यावर देवाचें नांव घेऊन मनसोक्त खावयाचें, असा ह्या नेमाचा व्यवहारांतील परिणाम होतो. हा निव्वळ योगायोगहि असेल. धर्मशास्त्राचे पंडित त्याचीं कारणें वेगळीं देतील, आणि आम्ही त्यांच्याशीं वाद घालणार नाहीं.

ऋषीच्या भाजींत मका व तांबडा भोंपळा आहे हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. हीं दोन्ही अमेरिकेंतील. पोर्तुगीज गोव्यांत येऊन स्थिरावल्यावर सोळाव्या शतकापासून जीं झाडें आपल्याकडे आलीं तीं काढून टाकलीं तर आजचें परस ओसाड दिसेल. मिरची गेली, टोमॅटो गेला, पपई, पेरू, रताळें, भोंपळा, मका हीं गेलीं. दसऱ्याचा झेंडू व रात्रीं दरवळणारी निशिगंधाची छडी हींहि गेलीं, कारण त्यांचें माहेर मेक्सिकोकडचें आहे. भेंडी व चवळी ह्यांचें मूळ आफ्रिकेंत. आपल्या घरचीं म्हणून वांगें, काकडी, दोडका, हळद, कढीलिंब, तुळस अशीं थोडींच नांवें उरतात. हा सर्व बदल कोणा राजाच्या हुकुमानें झाला नाहीं. बंदरावरून बीं निघालें आणि बाजारांतून, यात्रेंतून, माहेरवाशिणीच्या ओटींतून घाट चढून वऱ्हाडांत आलें. त्यांचीं नांवें पाहिलीं तर लोकांनीं त्यांना कसें आपलेंसें केलें तें कळतें. बटाटा व पपई हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. पण मिरचीस लोकांनीं जुन्या मिऱ्याचेंच नांव दिलें, वऱ्हाडांत पेरूला जांब म्हटलें, टोमॅटोला भेदरें म्हटलें. सीताफळ अमेरिकेंतून आलें असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, तरी त्यास नांव सीतेचें मिळालें. भोंपळ्यास तर गंगाफळ आणि काशीफळ अशीं नांवें मिळून तो पुरता तीर्थवासी झाला! व्रताचे नियम इतके कडक, पण परदेशच्या पाहुण्यास ऋषींच्या पंक्तीला बसविण्यास बायकांनीं जराहि आढेवेढे घेतले नाहींत. सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या समाजांतील हा उदारपणा आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

परसाचें पाठ्यपुस्तक म्हणून मात्र आम्ही एका गाण्याकडे बोट दाखवूं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-खानदेशांत मुली भुलाबाई मांडतात. देशावर तोच खेळ भोंडला किंवा हादगा म्हणून चालतो. त्यांत कारल्याच्या वेलाचें गाणें सर्वत्र आहे. त्याचे शब्द येथें देण्याची गरज नाहीं. तें प्रत्येक मराठी घरास पाठ आहे. माहेरीं जाऊं मागणाऱ्या सुनेला सासू सांगते कीं आधीं कारल्याचें बीं लाव. बीं लावल्यावर कोंब येऊं दे, कोंब आल्यावर वेल वाढूं दे, मग फूल, मग कारलें, मग त्याची भाजी, मग जेवण, आणि मग उष्टीं काढणें. अशी एकेका पायरीनें रजा लांबणीवर पडत जाते. हें गाणें सासुरवासाचें म्हणून सांगितलें जातें व तें तसें आहेच. परंतु त्या पायऱ्या बागकामाच्या पायऱ्या आहेत, आणि क्रम कोठेंहि चुकलेला नाहीं. लहान मुलगी नाचतां नाचतां तो क्रम पाठ करते. कारल्याचें बीं लावल्यापासून पहिलें फळ तोडण्यास सुमारें दोन महिने लागतात. म्हणजे सासूनें मागितलेली मुदत दोन महिन्यांची होती. त्या दोन महिन्यांत वेलाला रोज कोणी पाणी घातलें, मांडव कोणीं बांधला, हें गाणें सांगत नाहीं. ऐकणारीला तें सांगावें लागत नसे.

गाण्यानें जेवढें गृहीत धरलें तेवढें नवशिक्यास मात्र सांगितलें पाहिजे. कारल्याच्या बियांचें कवच टणक असतें, म्हणून त्या रात्रभर पाण्यांत भिजवाव्या. बीं त्याच्या जाडीच्या दुपटीहून फार खोल पुरूं नये. खोल गेलेलें बीं वर येण्यापूर्वींच कुजतें. जागा अशी निवडावी कीं दिवसांतून पांचसहा तास ऊन मिळेल. ऊन नसेल तर अळू, पुदिना ह्यांवर संतोष मानावा. वांगीं-मिरच्यांचा हट्ट धरूं नये. कारल्याच्या वेलावर पहिलीं फुलें बहुधा नर असतात व गळून पडतात, तेव्हां घाबरूं नये; मागून येणाऱ्या फुलाच्या देंठाशीं इवलेसें कारलें दिसलें म्हणजे ती मादी समजावी. वांग्याचा शेंडा अवचित मान टाकूं लागला तर आंत अळी शिरली असें जाणून तेवढा शेंडा खुडून नाहींसा करावा. मिरची चारपांच आठवड्यांचें रोप झाल्यावर संध्याकाळच्या वेळीं उपटून लावावी, दुपारीं लावूं नये. शेवगा बियांपेक्षां फांदीपासून लौकर येतो. पावसाच्या तोंडावर हातभर जाड फांदी लावून ती छातीइतकी वाढली कीं शेंडा छाटावा, नाहीं तर शेंगा आभाळाला लागतात. पहिल्या वर्षीं एवढें पुष्कळ झालें. दहाबारा प्रकार एकदम लावणारा उत्साही माणूस श्रावणापर्यंत थकतो आणि भाद्रपदांत त्याच्या वाफ्यांत गवत असतें, असा आमचा अनुभव आहे.

परंतु हें सारें पाण्यावर आहे, आणि पाण्याची गोष्ट गोड नाहीं. घाटावर पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत उरकतो. पुढें आठ महिने परस न्हाणीवर जगे. न्हाणीचें पाणी एका चरानें केळीच्या आळ्यांत, तेथून अळूंत, तेथून कढीलिंबाकडे जाई. भांडीं राखेनें घांसलीं जात व न्हाणें शिकेकाई-रिठ्यानें होई, म्हणून त्या पाण्यानें झाडांस इजा होत नसे. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत, डोंगरावरून वाहून येणारें पालापाचोळ्याचें सत्त्व शेतांत मुरावें म्हणून जागोजागीं बांध घालावे, असें सांगितलें आहे. परसांतल्या बाईनें हेंच तत्त्व न्हाणीच्या चरावर चालविलें होतें. आजच्या नवशिक्यानें येथें सावध असावें. कपड्याच्या साबणाच्या चुऱ्यांत सोडियमचे क्षार असतात आणि काळ्या मातीची घडण त्यांनीं बिघडते. म्हणून साबणाचें पहिलें पाणी झाडांस देऊं नये; तांदूळ, डाळ, भाजी धुतल्याचें पाणी खुशाल द्यावें.

पाणी ज्याच्या हातीं त्याचें परस. गांवाच्या ज्या विहिरीवरून वाड्यांत दोन घागरी अधिक येत, त्या विहिरीस शिवण्याची बंदी ज्या घरांस होती त्यांनीं केळ कशाच्या जोरावर लावावी? महारवाडा गांवाबाहेर, जागा दाटीची, आणि पाणी दुसऱ्यानें वरून ओतलें तर मिळावयाचें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें तेव्हां प्रश्न माणुसकीचा होता हें खरेंच. पण ओंजळींतल्या पाण्यामागें घागरीचें पाणी असतें आणि घागरीमागें परसाचें. जुन्या परसाचें गोडवे गाणाऱ्यांनीं, आणि ह्या लेखांत आम्हीं ते थोडेबहुत गाइले आहेत, हें विसरूं नये. तसेंच, परसानें दुष्काळांत लोकांस तारलें असेंहि म्हणवत नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून निघालें, १९७२ च्या अवर्षणांत महाराष्ट्रभर लोक खडी फोडावयास गेले. विहीर आटली कीं न्हाणी आटते आणि न्हाणी आटली कीं परस पहिल्यानें मरतें. लोक तरोट्यासारख्या रानपाल्यावर आले ते परस मेल्यावरच. परसाची खरी मदत चांगल्या-वाईटाच्या मधल्या वर्षांत होई. ज्या वर्षीं ज्वारी होती पण हातांत पैसा नव्हता, त्या वर्षीं भाकरीबरोबर काय खावें ह्याचें उत्तर मागल्या दारीं असे. आणि तें उत्तर देण्यास बाईला कोणाची परवानगी लागत नसे. धान्याच्या कणगीस धनी होता, कापसाच्या पैशास धनी होता. दोडके शेजारणीला द्यावयाचे कीं बाळंतिणीच्या घरीं शेवग्याचा पाला पाठवावयाचा, हें मात्र ती स्वतः ठरवी. तिच्या मालकीची म्हणून जी काय इस्टेट होती ती कुंपणाच्या आंत होती.

ती कशी गेली हें सांगण्यास फार शब्द नकोत. वांटण्या होऊन परसांत दुसरें घर उठलें, अंगणावर सिमेंट पडलें, न्हाणीचें पाणी गटारांत गेलें, आठवड्याच्या बाजारांत भाजी स्वस्त दिसूं लागली, आणि संकरित बियाण्याच्या पुडीनें बीं राखण्याची संवय मोडली. मधून मधून सरकारास ह्या विषयाची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धांत ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळ निघाली. अलीकडे २०२१ सालीं राज्याच्या ‘उमेद’ अभियानानें बचतगटांतील बायकांसाठीं पोषण-परसबागेची मोहीम काढली. वाफे गोल कीं चौकोनी ह्याच्या सूचना आल्या. मोहिमा आम्हांस वाईट वाटत नाहींत; फक्त सुनेला सासूकडून मिळालेली गोष्ट आतां तिला तक्त्यावरून शिकावी लागते, ह्याची थोडी चुटपुट लागते. शहरांतील माणसांसाठीं ह्याहून मोलाचें काम कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनीं केलें. ते गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणारें ऊन, मुळाशीं मुरणारा पाला आणि लागणारें पाणी ह्यांचा त्यांनीं हिशेब मांडला, दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखानें जगेल असें दाखवूं पाहिलें आणि गच्चीवरच्या नगरशेतीला शास्त्राचा पाया दिला. २००१ सालीं ते वारले. बंगल्याच्या बागेकडे न जातां परसाच्या वाटेनें शहरांत येणारा असा विचारवंत विरळा.

आणि ज्या गांवठाणाच्या वेशीशीं पाहणीचा कामगार दीडशें वर्षांपूर्वीं थांबला होता, त्याची मोजणी आतां आकाशांतून होते. पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग आधीं झाला, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना म्हणून तें काम देशभर हातीं घेतलें. घराला व मोकळ्या जागेला मिळकत-पत्रिका मिळते, तारणावर कर्ज मिळूं शकतें. हा लाभ लहान नव्हे. पत्रिकेंत जागेचें क्षेत्र आहे, धारकाचें नांव आहे. तें नांव घरांतल्या बाईचें असेल काय, हा प्रश्न आमच्या मनांत येतो, आणि ज्या गांवीं पत्रिका वांटल्या जातील तेथें तो बायकांनीं मोठ्यानें विचारावा असें वाटतें.

राहतां राहिलें बीं राखणें, जें ह्या विद्येंत सर्वांत सोपें आणि आज सर्वांत विसरलेलें काम आहे. संकरित पुडीचें बीं राखून उपयोग नाहीं. पुढल्या वर्षीं त्याचीं फळें वाणाला धरून येत नाहींत. म्हणून आरंभीं एखाद्या जुन्या घरून चार देशी बिया मागून आणाव्या. नाहीं म्हणणारी बाई आम्हांस अजून भेटली नाहीं. कारल्याच्या वेलावरचें, मधल्या बहाराचें एक चांगलें फळ तोडूं नये. त्यास चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे घरांतील कोणी चुकून खुडणार नाहीं. तें पिवळें-नारिंगी होऊन आपोआप उकलूं लागलें कीं आंतील बियांवरचा तांबडा गर पाण्यांत चोळून काढावा, बिया सावलींत चारपांच दिवस वाळवाव्या, कोरड्या राखेंत घालून लहान मडक्यांत भराव्या आणि मडक्याचें तोंड शेणानें लिंपून तें चुलीपासून दूर, उंदरांच्या वाटेबाहेर, उंच टांगावें. तें मृगापर्यंत उघडूं नये.